आज काय जेवलात?

बाईंच्या दारावर पाटी होती, 'नोकरी-मार्गदर्शन आणि कोचिंग', आणि त्यातल्या 'कोचिंग' या शब्दाने पहिलं वर्षभर बाईंना भंडावून सोडलं. आठवड्यातून एकदा तरी एखादी आई आपल्या पोराला बखोटीला धरून यायची आणि विचारायची, "गणिताचा वर्ग किती वाजता असतो?" बाई सांगायच्या, अहो, हे कोचिंग मोठ्या माणसांचं. ज्याची नोकरी गेली त्याला परत उभं करायचं. त्यावर एकजण फणकाऱ्याने म्हणाली होती, "घोडे झालेल्यांना काय शिकवायचं असतं?" बाईंना हसू आवरेना. संध्याकाळी भाचीला सांगतानाही त्या हसत होत्या.

त्याआधी बावीस वर्षं बाई एका मोठ्या कारखान्याच्या कामगार विभागात होत्या. कुणाला काढायचं ते वरचे ठरवत आणि काढल्याचा कागद हातात द्यायचं काम बाईंकडे असे. म्हणजे वाईटपणा फुकटचा यांच्या माथी! पण बाईंनी एक रीत पाळली होती. माणूस समोर बसला की त्या आधी विचारायच्या, "जेवलात का?" नसेल जेवला तर आधी कँटीनमध्ये पाठवायच्या, लिफाफा नंतर. उपाशी पोटी असला कागद कुणाच्या हातात देऊ नये, असं त्यांचं म्हणणं. कामगारांनी त्यांचं नावच 'जेवलातबाई' पाडलं होतं. पुढे पुढे तर बाईंनी सहज जरी जेवणाचं विचारलं तरी माणसाच्या पोटात गोळा यायचा. शेवटी एके दिवशी बाईंचाही लिफाफा निघाला. तेव्हा त्यांना जेवलात का म्हणून कुणी विचारलं नाही.

मग त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं. बाईंना दुसरं काही येत नव्हतं, पण नोकरी गेलेला माणूस त्यांना आरपार कळत होता. प्रत्येकाला वहीत एक पान. पहिल्यांदा समोरासमोर भेटायचं, आणि पुढे रोज संध्याकाळी सहा वाजल्यापासून एकेकाला फोन. अर्ज केला का, कुणाला भेटलात का, आणि शेवटी तोच प्रश्न, "आज काय जेवलात?" त्यामागे बाईंचा हिशोब पक्का होता. माणूस झोपेबद्दल खोटं बोलेल, बाटलीबद्दल तर हमखास बोलेल, पण जेवणाबद्दल खोटं बोलायचं त्याच्या डोक्यातच येत नाही. 'भात आणि वांगं' म्हणाला तर तो जेवलाय. 'जेवलो की' असं मोघम म्हणाला तर समजावं, पोटात काही नाही. अशा वेळी बाई चप्पल घालून सरळ त्याच्या घरी जायच्या. एकदा एका हिशेबनिसाच्या घरी जाऊन त्यांनी स्वतः कुकर लावला होता. तो माणूस ओट्याला टेकून रडला, मग तीन वाट्या भात जेवला आणि महिन्याभरात नोकरीला लागला.

असं म्हणता म्हणता बोलबाला झाला. विसाचे चाळीस झाले, चाळिसाचे शंभर. बाईंचा घसा बसला तो उठेना. डॉक्टरांनी बोलणं कमी करा म्हणून बजावलं.

तेव्हा भाची धावून आली. बहिणीची मुलगी, कंप्युटरच्या कचेरीत कामाला. ती म्हणाली, "मावशी, तू किती जणांना पुरणार आहेस? तुझं बोलणं मला लिहून दे. ईमेल आपोआप जाईल रोज सहाला, प्रत्येकाच्या नावानिशी. कुणाला कळायचंही नाही."

"कुणाला कळायचंही नाही, हे काय चांगलं झालं?" बाई म्हणाल्या. पण घसा दुखत होता.

बाईंनी नव्वद दिवसांची नव्वद पत्रं लिहिली. चांगली लिहिली, त्यात वादच नाही. कुठल्या दिवशी माणूस चिडतो, कुठल्या दिवशी बायकोवर राग काढतो, कितव्या आठवड्यात दाढी करायचं सोडतो, हे त्यांना पाठ होतं. प्रत्येक पत्राच्या शेवटी तो प्रश्न होताच. उत्तर आलं की ते 'जेवण' नावाच्या कप्प्यात जाऊन पडायचं. भाची म्हणाली, "उत्तराची पोच गेली पाहिजे गं. नाहीतर लोकांना वाटेल भिंतीशी बोलतोय." बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, "लिही, वा! वाचलं. असंच कळवत राहा."

आणि नियम? नियमही बाईंचाच, भाचीला उगाच बोल लावण्यात अर्थ नाही. बावीस अधिक सहा वर्षांचा अनुभव असा की बुडणारा माणूस आधी गप्प होतो. फोन उचलत नाही, दार उघडत नाही. "जो बोलतो तो बुडत नाही," असं बाई ठासून सांगायच्या. म्हणून ठरलं की ज्याचं उत्तर येतंय त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. सात दिवस उत्तर नाही आलं तर लाल. लाल ठिपका दिसला की बाईंनी स्वतः फोन करायचा. हिरव्यांची काळजी नाही.

पहिले तीन आठवडे बाईंनी आलेलं प्रत्येक उत्तर वाचलं. मग रोजची ऐंशी-नव्वद उत्तरं यायला लागली. आज वाचू, उद्या वाचू करता करता कप्पा तुडुंब भरला, आणि बाई सकाळी फक्त ठिपके बघायला लागल्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण शेळ्या हिरव्या दिसत होत्या, घसा बरा झाला होता, आणि लोकांना खरोखर नोकऱ्याही लागत होत्या. मग कोण कशाला उतरतंय उंटावरून!

फिटर आले ते या दिवसांत. पंप बनवणाऱ्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. पहिल्या भेटीला आले ते खुर्चीच्या कडेवर बसले, पाठ टेकली नाही. बायको जाऊन चार वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी दुसऱ्या गावी, शिवणकामाच्या कारखान्यात. "लांबून आलात का?" बाईंनी विचारलं. "छे हो, चालत वीस मिनिटं. त्या जुन्या पिठाच्या गिरणीमागे." अर्जावर आजाराच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'साखर. गोळी चालू.' बाईंनी विचारलं, "स्वयंपाक येतो का?" फिटर हसले. "दुपारचं कारखान्याच्या कँटीनमध्ये व्हायचं, रात्री त्यातलंच डब्यात आणायचो. चहा येतो फक्कड." मग त्यांची नजर आतल्या गळक्या नळाकडे गेली. बाई नको नको म्हणत असताना ते उठले, खिशातून चपटा पाना काढला, वॉशर उलटा करून बसवला आणि हात पुसत म्हणाले, "आता वर्षभर बघायला नको." नळ खरंच परत गळला नाही.

त्यानंतर त्यांच्या नावापुढे रोज हिरवा ठिपका. एक दिवस खाडा नाही. बाईंनी भाचीला कौतुकाने दाखवलं होतं, "बघ, याला म्हणतात शिस्त!"

दोन महिने आणि वर काही दिवस झाले आणि एका सकाळी तो ठिपका लाल झालेला दिसला. बाईंना आधी आनंदच झाला. लागला वाटतं नोकरीला, म्हणून विसरला गडी! त्यांनी फोन लावला. उचलला एका बाईमाणसाने.

"मी त्यांची मुलगी. बाबा गेले, आज आठ दिवस झाले."

बाईंनी आपण कोण ते सांगितलं.

"तुम्ही त्याच बाई ना? रोज जेवणाचं विचारणाऱ्या?" पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "बाबा फार सांगायचे तुमच्याबद्दल. साखर एकदम उतरली म्हणे. शेजाऱ्यांनी सकाळी दार ठोठावलं तेव्हा सगळं संपलं होतं. बाई, एक मागू? बाबांनी मला जन्मात दोन ओळी लिहिल्या नाहीत. तुम्हाला रोज लिहायचे. ती पत्रं मला द्याल? रविवारी येते मी."

"या," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवला आणि त्यांनी 'जेवण'चा कप्पा उघडला. फिटरचं नाव घातलं. अडुसष्ट पत्रं.

सुरुवातीची वाचून बाईंना जरा धीर आला. 'पाव, अंडं, चहा. अंडं जरा करपलं.' 'भात केला. पाणी जास्त झालं, पेज म्हणून प्यायलो, हा हा.' 'आज मुलाखत. समोर पोरगं होतं, म्हणालं काका तुम्ही आराम करा. मी म्हटलं आराम करायला आधी दमावं लागतं बाळा.' प्रत्येकाखाली मशीनची पोच होती, वा! वाचलं. असंच कळवत राहा.

चाळीस पत्रांनंतर ओळी आखडायला लागल्या. 'चहा, बिस्किटं.' 'एकट्यासाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो. गोळी घेतली.' 'आज काही नाही. गोळी मात्र वेळेवर, काळजी नसावी.'

इथे बाईंनी हात तोंडावर दाबला. त्यांच्या वडिलांना साखर होती. आठ वर्षांच्या असल्यापासून बाई वडिलांच्या समोर गोळी मुठीत झाकून बसायच्या, आधी घास मग गोळी, हे त्यांच्या घरातलं ब्रीदवाक्यच होतं. उपाशी पोटी ती गोळी म्हणजे काय, हे या शहरात कुणाला माहीत नसलं तरी बाईंना माहीत होतं. एक ओळ, फक्त ती एक ओळ डोळ्यांखालून गेली असती तर त्या होत्या तशा उठून धावल्या असत्या.

'संध्याकाळी दरदरून घाम फुटला, हात थरथरत होते. साखर तोंडात टाकली, मग बरं. बाई, हे कशाने होत असेल?'

वा! वाचलं. असंच कळवत राहा.

'आज काही नाही. गोळी घेतली.'

वा! वाचलं. असंच कळवत राहा.

आणि शेवटचं. 'आज काही नाही. कालही नव्हतं. तुमचा एखादा फोन आला असता तर बरं वाटलं असतं, पण तुम्हाला किती जण. वाचता हेच खूप आहे.'

त्याच्याखालीही पोच होती.

भाची संध्याकाळी आली तेव्हा बाई तशाच बसलेल्या. भाचीने सगळं वाचलं आणि तिचाही चेहरा उतरला. पण पोरगी व्यवहारी. "मावशी, पुसून टाकू. सांग, महिन्याच्या महिन्याला आपोआप जातात म्हणून. तिला तरी कशाला त्रास?"

"तिला कशाला की मला कशाला?" बाई म्हणाल्या.

पण खोटं कशाला सांगायचं, मोह बाईंनाही पडला. पत्रं त्यांनी छापून घेतली आणि दोन गठ्ठे केले. पहिली चाळीस, हसरी, ती टेबलावर. उरलेली अठ्ठावीस खणात, आणि खणाला किल्ली. मशीन त्यांनी त्याच दिवशी बंद करायला लावलं. शंभरांवर लोकांना स्वतः फोन केले, घसा फाटेस्तोवर. रात्री झोप नाही. रविवारी त्या मुलीला काय सांगायचं, एवढं एकच डोक्यात.

रविवारी मुलगी आली. तिशीची, बोटांच्या टोकांना सुयांचे घट्टे पडलेली. बसली तीही खुर्चीच्या कडेवर, बापासारखीच. बाईंनी पहिला गठ्ठा पुढे केला. मुलगी वाचायला लागली. पेजेपाशी आली आणि खुदकन हसली. 'आराम करायला आधी दमावं लागतं' हे तिने मोठ्याने वाचलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "अगदी असेच बोलायचे हो." बाईंना वाटलं, इथेच थांबावं. मुलगी समाधानाने जाईल, आणि कुणाला काही कळायचंही नाही.

मुलीने शेवटचा कागद उलटा करून बघितला. मग तारीख बघितली. "बाई, हे मधेच कसं संपलं? पुढचे महिन्याभराचे कुठे आहेत?"

बाई उठल्या. खोटं जिभेवर तयार होतं. पण पाय खणाकडे गेले.

ती अठ्ठावीस पत्रं वाचायला मुलीला फार वेळ लागला नाही, ओळी होत्याच किती? शेवटचं वाचून झाल्यावर तिने बोट त्या पोचेवर ठेवलं. "हे कुणी लिहिलं?"

"मशीनने. शब्द माझे."

"म्हणजे तुम्ही वाचलं नव्हतं."

"नाही."

"एकही?"

"चाळिसातलंही नाही. ते गेल्यावर वाचलं." बाई म्हणाल्या. "मला माफ करा असं म्हणायचंही तोंड नाही मला."

मुलगी रडली नाही, ओरडलीही नाही. शिव्या दिल्या असत्या तरी बाईंनी ऐकून घेतल्या असत्या, त्यांना त्याच हव्या होत्या. तिने कागद एकावर एक नीट रचले. मग म्हणाली, "मी बाबांना रोज संध्याकाळी फोन करायचे. शिफ्ट सुटली की, सहाला. जेवणाचंच विचारायचे. एक दिवस ते म्हणाले, अगं तू दमून येतेस, नको करत जाऊ रोज. इथे एक बाई आहेत, त्या रोज सहाला विचारतात. फार चांगल्या आहेत, सगळं वाचतात. म्हणून मी बंद केला."

आत नळ बंद होता, थेंबाचाही आवाज नव्हता.

मुलगी कागद पिशवीत घालून दारापर्यंत गेली आणि वळली. "आता मला विचारायचं. रोज सहाला. तुम्ही स्वतः, फोन करून. मी सांगेन आणि ठेवेन. बाकी काही बोलायचं नाही."

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"ते मला माहीत नाही," मुलगी म्हणाली आणि गेली.

बाईंनी पाटी काढली. असलेल्या लोकांना ओळखीपाळखीच्या ठिकाणी चिकटवलं, नवीन कुणाला घेतलं नाही. भाचीने समजावून पाहिलं, पालथ्या घड्यावर पाणी. एका शाळेच्या कचेरीत अर्ध्या दिवसाचं काम मिळालं, ते त्या करू लागल्या. मात्र संध्याकाळचे सहा चुकले नाहीत. ताप असो, पाहुणे असोत, बाई फोन लावायच्या. "आज काय जेवलात?" पलीकडून उत्तर यायचं, "भात, मूग." "दोन पोळ्या, बटाटा." आणि फोन बंद. कसं आहे नाही, काय चाललंय नाही. बाई ते वहीत लिहायच्या. एक वही भरली, दुसरी निम्मी झाली. शेजारणीला वाटायचं, बाईंची लेक आहे सासरी.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत एका संध्याकाळी पलीकडून उत्तर आलं, "काही नाही." आणि फोन बंद.

बाईंनी परत लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. मग मात्र त्या थांबल्या नाहीत. फिटरच्या जुन्या अर्जावर मुलीचा पत्ता होता, तो उतरवून घेतला. भाताचा कुकर होता तसा कापडात बांधून पिशवीत टाकला, अंगावर सापडलं ते ओढलं आणि बस पकडली. साठी ओलांडलेली बाई दोन बस बदलून, पत्ता विचारत, अनोळखी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत चढली. त्यांनी दार ठोठावलं.

दार मुलीनेच उघडलं. धडधाकट होती. आत टेबलावर ताट वाढलेलं, अर्धं जेवलेलं दिसत होतं. तिने बाईंकडे पाहिलं, त्यांच्या पिशवीतल्या कुकरकडे पाहिलं, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"सव्वादोन तास," ती म्हणाली. "म्हणजे येता येतं तुम्हाला."

बाईंना श्वास पुरत नव्हता. त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"बाबांचं घर तर वीस मिनिटांवर होतं," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा कापला. तिने तोंडाला पदर लावला आणि दार लोटून घेतलं.

बाई कुकर तिच्या दारात ठेवून शेवटच्या बसने परत आल्या. दुसऱ्या दिवशी सहाला त्यांनी फोन लावला, आणि मुलीने उचलला.

"आज काय जेवलात?" बाईंनी विचारलं.

"तुमचा भात," ती म्हणाली आणि फोन ठेवला. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.